शेल्टरमधला तरणाबांड रॉटविलर घरी आणताय?

रील पाहून जीव जडतो आणि लोक थेट शेल्टर गाठतात. तिथला वर्ष-दीड वर्षाचा रॉटविलर मात्र अनेकदा चावरा म्हणून नाही, तर आवरेनासा झाला म्हणून आलेला असतो. हे त्याचं अडनिडं वय. ताकद मोठ्या कुत्र्याची, डोकं पिल्लाचं. पूर्ण वाढलेला नर ५० किलोंच्या वर जातो. मांजर दिसताच त्याने झेप घेतली, तर पट्टा धरणारा फरफटत जातो.

म्हणून रोज फिरवणार कोण, हे आधी ठरवा. त्यानेच दोन-तीनदा शेल्टरमध्ये जाऊन त्याला फिरवून पाहावं. छातीवर कडी असलेला हार्नेस ओढ कमी करतो. घरी आल्यावर पहिले काही दिवस तो बुजून गप्प असतो, त्यालाच स्वभाव समजू नका. लहान मुलांसोबत एकटा तर कधीच सोडू नका.

आणि बंदीचं काय? केंद्राने १२ मार्च २०२४ च्या पत्रात राज्यांना रॉटविलर, पिटबुलसह २३ जातींवर बंदी आणायला सांगितलं होतं. १६ एप्रिलला दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. तरी शहरागणिक नियम वेगळे असतात. मुंबई-पुण्यात महापालिकेचा परवाना लागतोच. भाड्याचं घर असेल, तर घरमालकाशी कुत्रा आणण्यापूर्वी बोला, नंतर नाही.