वाघाचे आजारपण आणि आपले अंगण

चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघाच्या गोष्टी घरोघरी चालतात. कुणाच्या शेतात दिसला, कुणाची बकरी नेली, मोहफुले वेचायला गेलेल्या कुणावर झडप घातली. वाघ आजारी पडल्याची गोष्ट मात्र क्वचितच ऐकू येते.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. माणसांशी संघर्ष झाल्यामुळे त्यांना चंद्रपूर भागातून तेथे हलवले होते. भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला. खायला दिलेल्या कोंबडीच्या मांसातून तो आला असावा, असा संशय व्यक्त झाला. ही बातमी आम्ही वर्गात वाचून दाखवली, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, पक्ष्यांचा आजार वाघाला कसा झाला?"

प्रश्न साधा, पण मोलाचा आहे. रोगाच्या बऱ्याच जंतूंना राहायला कुणाचे तरी शरीर लागते. हजारो वर्षे एकाच जातीच्या प्राण्यात राहिलेल्या जंतूशी त्या प्राण्याचे बरेचदा जुळते. बर्ड फ्लूचे विषाणू रानबदकांच्या पोटात बहुधा फारसा त्रास न देता राहतात. तेच कोंबड्यांच्या दाटीवाटीत शिरले, की बदलत जातात आणि घातक होतात. नव्या प्राण्याच्या शरीराला त्यांची ओळख नसते, म्हणून तो पटकन बळी पडतो.

काही जंत तर शिकारीवरच जगतात. हायडॅटिड नावाच्या रोगाचा जंत कुत्रा, लांडगा, कोल्हा यांच्या आतड्यात राहतो. तो जेमतेम काही मिलिमीटर लांब असतो आणि कुत्र्याला सहसा काही होत नाही. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात. बकरी, गाय किंवा हरीण ते गवत खाते आणि त्याच्या कलेजीत, फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. ते अवयव पुन्हा कुत्र्याने किंवा लांडग्याने खाल्ले, की जंताचा फेरा पूर्ण होतो. फुप्फुसात गाठी झालेले जनावर लवकर धापते आणि शिकाऱ्याच्या हाती सहज लागते. त्यात जंताचाच फायदा असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

या फेऱ्यात माणूस चुकून सापडतो, तोही मांस खाऊन नव्हे. कुत्र्याच्या अंगावरची, मातीतली किंवा न धुतलेल्या भाजीवरची अंडी हातावाटे तोंडात जातात. गाठ वर्षानुवर्षे हळूहळू वाढते आणि कधी कधी शस्त्रक्रियेची वेळ येते.

जंगल आणि गाव यांच्यामध्ये भिंत नाही. दिवसा आपल्या दारात बसणारा कुत्रा रात्री वाघाने मारलेल्या जनावरापर्यंत जाऊन येतो. त्याच्यासोबत गोचीड जातात, रेबीज जाऊ शकतो, डिस्टेंपरही जाऊ शकतो. गुजरातच्या गीर जंगलात २०१८ साली अवघ्या काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले. त्यांतील अनेकांत डिस्टेंपरचा विषाणू सापडला, काहींत गोचिडांमुळे होणारा रोगही होता. आफ्रिकेतील सेरेंगेटीत १९९४ साली याच विषाणूच्या साथीत सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. ताडोबात वाघ आहेत, रानकुत्रे आहेत आणि त्यांच्या भोवती आपली गावे आहेत.

मग आपण काय करायचे? कुत्र्यांना मारून टाकणे हा उपाय नव्हे, आणि तो मुका जीव दोषीही नाही. उपाय आपल्या हातातले आहेत. पाळलेल्या कुत्र्याला रेबीज आणि डिस्टेंपरची लस द्यावी. पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळोवेळी जंताचे औषध घ्यावे. कोंबड्या अचानक मरू लागल्या, तर त्या नाल्यात किंवा जंगलाच्या कडेला न फेकता लगेच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. कुत्र्याला हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

आणि एक गोष्ट खास आपल्या घरांसाठी. ईदुल अजहाला कुर्बानी झाल्यावर आतडी, ओझडी आणि गाठी असलेली कलेजी-फुप्फुसे उघड्यावर टाकू नयेत, कुत्र्यांपुढे तर नाहीच. कुत्रे उकरू शकणार नाहीत इतका खोल खड्डा करून ती पुरावीत. पाकीची शिकवण आपण अंगण आणि कपड्यांपुरती का ठेवावी? त्या एका खड्ड्यात जंताचा फेरा तुटतो. शेजाऱ्याचे मूल वाचते आणि रानातले हरीणही.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले, "बेटा, आजाराला जंगलाची हद्द दिसत नाही. ती आपणच सांभाळायची."