पुंगळी बदलली म्हणजे गाडी पळते काय?



उसाची पहिली उचल खात्यावर जमा झाली की आपल्या गावांत दोन-चार नव्या मोटारसायकली येतात, यात नवल नाही. नवल आहे ते पुढचे. गाडीवरचे हळदकुंकू सुकायच्या आत चिरंजीव गॅरेजात जातात, कंपनीचा चांगला सायलेन्सर काढून माळ्यावर टाकतात आणि त्या जागी पुंगळी बसवून येतात. पावसाळा लागला की याच गाड्या त्र्यंबकेश्वरावरून मोखाडा, जव्हारकडे निघतात. दाभोसाचा धबधबा, हनुमान पॉइंट, जयविलास राजवाडा, सगळा मुलूखच बघण्यासारखा आहे. जरूर जावे. परंतु आपण कोणाच्या दारावरून जातो आणि कसला आवाज करीत जातो, याचा विचार व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम सायलेन्सर करतो काय ते पाहू. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व सुटला की सगळी वसाहत दचकते, हे आपणांस ठाऊक आहे. दाबाखालची वाफ एकदम मोकळ्या हवेत आली की असा आवाज होतो. इंजिनात तेच घडते, फक्त फार भराभर. मिनिटाला चार हजार फेरे घेणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनात धूर सोडणारा व्हॉल्व मिनिटाला दोन हजार वेळा उघडतो. प्रत्येक वेळी तापलेला, दाबलेला वायू फट्दिशी बाहेर पडू पाहतो. सायलेन्सरमधले कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या त्याला वळसे घ्यायला लावतात, त्याचा जोर मोडतात. पुंगळीत हे काही नसते. सरळ नळी, फार तर भोवती थोडे ग्लासवूल.

पोरांचे म्हणणे असे की, धूर मोकळा निघाला की गाडी जास्त पळते. यात रुपयात चार आणे खरे आहे. शर्यतीच्या गाड्यांना हलका, मोकळा सायलेन्सर असतो, पण तिथे इंजिनाला मिळणारे पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाणही त्याबरोबर नव्याने जुळवलेले असते. नुसती पुंगळी लावून रस्त्यावर जाणवण्याइतकी ताकद वाढत नाही. वाढतो तो आवाज, आणि आवाजामुळे वेगाचा भास होतो. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचे तर उलटेच होते. येझदीचा सायलेन्सर कापला की ताकद घटते, कारण तिथे सायलेन्सरचा आकार हाच इंजिनाच्या कामाचा भाग असतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धुराच्या मार्गात वायू शुद्ध करणारा कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवलेला आहे. बेंड पाइपासकट सगळे बदलले की कन्व्हर्टर जातो, सेन्सरचा हिशेब चुकतो, मीटरवर इंजिनाचा दिवा लागतो. मग मिस्त्रीकडे खेपा.

त्यातून 'फटाका' हा प्रकार निराळाच. चालत्या गाडीचे बटण बंद करून पुन्हा चालू करायचे. मधल्या वेळात न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन धडाड् करते. गाळपाच्या दिवसांत रात्री भरलेल्या बैलगाड्या रस्त्याने येत असतात. बैल बुजला आणि गाडी उलटली, तर मोळ्यांखाली कोण सापडेल हे सांगावे लागू नये. मोखाड्याकडेही घाटरस्त्यावर गुरे असतात, आणि एका बाजूला कडा असला की आवाज आदळून परत येतो.

आता हिशेब पाहा. १७५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या मोटारसायकलीला कारखान्यातील चाचणीत साडेसात मीटरवरून ८० डेसिबलची मर्यादा आहे. ८० ते १७५ सीसीला ७७. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की साधारण ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे ८० डेसिबलची गाडी १२० मीटरवर ५६ ला येते. पुंगळीने तोच आवाज १०० वर नेला, तर १२० मीटरवर ७६ उरतात. डेसिबलचे गणित आपल्या नेहमीच्या बेरजेसारखे नसते. १० वाढले की कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो.

आता जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. पाड्यापाड्यांवरून बाळंतिणी आणि आजारी लेकरे तिथे येतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र सांगितले आहे. तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री १० नंतर ४० डेसिबल. आश्रमशाळेतली पोरे रात्री तिथेच निजतात, हेही लक्षात असू द्यावे. हा मुलूख काही मुका नाही. मोखाड्याच्या बोहाड्यात संबळ रात्रभर वाजतो, वारली पाड्यांवर तारपा घुमतो. पण तो आवाज गावाने स्वतः मागितलेला असतो.

स्वाराच्या स्वतःच्या कानाचे काय? ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालते असे तज्ज्ञ मानतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. नाशिक ते जव्हार दोन तासांची वाट आहे.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९०(२) मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे. पुण्या-नागपुराकडे पोलिसांनी जप्त पुंगळ्या रस्त्यावर मांडून त्यांवर रोलर फिरवल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतीलच. नळीवर 'फक्त रेसिंगसाठी' असे कोरलेले असेल, तर ती रस्त्यासाठी नाही, हे विकणाऱ्यानेच लिहून दिले आहे असे समजावे.

(उसाच्या ट्रॅक्टरवर मोठाले स्पीकर लावून गाणी वाजवणाऱ्यांना वरचे सगळे लागू पडते. त्यांची नावे संपादकांना कळवू नयेत, ती सगळ्या गावाला ठाऊक असतात.)

गाडी जुनी असून आवाज आपोआप वाढला असेल, तर पोराला रागावण्याआधी तपासून घ्या. बेंड पाइप इंजिनाला मिळतो तिथले गॅस्केट जळलेले असते, क्लॅम्प ढिला असतो, किंवा खालून पत्रा गंजून भोक पडलेले असते. इंजिन थंड असताना चालू करून सांध्यांजवळ हात धरावा; फुंकर लागली की गळती तिथे. चिखल-पाण्यातून हिंडणाऱ्या गाड्यांचा सायलेन्सर खालच्या बाजूने आधी जातो.

माळ्यावरचा मूळ सायलेन्सर परत बसवताना आत उंदराने घर केले आहे का ते झटकून पाहावे. गॅस्केट नवेच घालावे, जुने दाबून वापरू नये. आधी सगळे बोल्ट हाताने लावून सायलेन्सर सरळ बसला की मगच आवळावेत, नाहीतर ताणामुळे पट्टी तडकते. दहा मिनिटे इंजिन चालवून, पूर्ण गार झाल्यावर पुन्हा एकदा पाना फिरवावा.