यवतमाळचे सागाचे जंगल आणि हवेचा कोरडेपणा

यवतमाळ जिल्ह्यातील जंगल मुख्यतः सागाचे, पानझडीचे आहे. टिपेश्वर आणि पैनगंगा ही अभयारण्ये त्याचीच. झाडे खोलवरचे पाणी मुळांनी ओढतात आणि पानांतून वाफ म्हणून सोडतात. त्यात उष्णता खर्ची पडते. जंगल तुटले की ही वाफ घटते आणि उरलेली उष्णता जमीन व हवा तापवते. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. प्रत्यक्षातले बाष्प मात्र तेवढे वाढत नाही. ही तूट म्हणजेच हवेचा कोरडेपणा. ती फार झाली की कपाशीची पाने रंध्रे मिटून घेतात आणि वाढ खुंटते.

एप्रिल-मेमधल्या रखरखाटाचा सारा दोष मात्र जंगलतोडीवर टाकता येत नाही. तेव्हा साग स्वतःच निष्पर्ण असतो. फरक पडतो तो पावसाळा सरताना. सोयाबीन निघून रान मोकळे होते, साग मात्र अजून हिरवा असतो.

पावसाचे बहुतेक बाष्प समुद्रावरून येते, तरी झाडोऱ्याचाही त्यात वाटा असतो. जंगलाच्या जागी शेती आल्याने मोसमी पाऊस क्षीण होतो, असे आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१६ मध्ये संगणकीय प्रतिमानांतून दाखवले. हा परिणाम गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्य भारतात अधिक ठळक आहे.