ओट्यावर मावेल असा फूड प्रोसेसर
आधी ठरवा, वाटायचं आहे की चिरायचं? ओलं खोबरं, चटणी, दाण्याचं कूट ही मिक्सरची कामं. त्यांना अरुंद भांडं आणि प्रचंड वेग लागतो. कोबी चिरायला, गाजर किसायला, कणीक मळायला मात्र रुंद भांडं आणि मंद गती हवी. म्हणून चौघांच्या घराला वेगळं यंत्र घेण्यापेक्षा प्रोसेसरचं भांडं बसणारा मिक्सर परवडतो. मोटर एकच, ओट्यावर जागाही एकाचीच.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. मोटर किती वीज खेचते एवढंच तो सांगतो. कणीक कशी मळली जाईल ते नाही. दुकानात झाकण स्वतः लावून-काढून पाहा. त्याची खाच नीट बसली नाही तर बरीच यंत्रं सुरूच होत नाहीत, आणि माझ्या घरी आधी मोडली ती ही खाचच. सुटं झाकण, पाती गावात मिळतात का, हेही विचारा. यंत्र मध्येच बंद पडलं तर तळाशी बहुधा एक लाल बटण असतं. मोटर थंड होऊ द्या, मग ते दाबा.

नुसत्या कोशिंबिरीपुरतं चिरायचं असेल, तर दोरी ओढायचा चॉपर पुरे. नाहीतर पाच मिनिटांच्या चिरण्यामागे दहा मिनिटं भांडी घासणं आलंच.