कल्पनेची मालकी : जेम्स वॉटच्या पेटंटची गोष्ट

तुमची सायकल कोणी नेली तर ती तुमच्याकडे उरत नाही. पण तुमची एखादी युक्ती कोणी उचलली, तर ती त्याच्याकडे जाते आणि तुमच्याकडेही राहते. मग युक्तीची चोरी होते असे का म्हणायचे? कारखानदाराला तिचे रक्षण का करावे लागते? वाफेच्या यंत्राच्या इतिहासात याचे उत्तर सापडते.

खादाड यंत्र

इंग्लंडमध्ये १७१२ पासून खाणींतले पाणी उपसायला थॉमस न्यूकोमेनचे यंत्र वापरत. सिलिंडरमध्ये वाफ भरायची आणि तिच्यावर थंड पाण्याचा फवारा सोडायचा. वाफेचे पाणी झाले की आत जवळजवळ निर्वात पोकळी होई व बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकली. मात्र फवाऱ्याने वाफेबरोबर सिलिंडरही गार होई. पुढच्या खेपेची बरीच वाफ तो पुन्हा तापवण्यातच खर्ची पडे.

जेम्स वॉट हा ग्लासगो विद्यापीठात उपकरणे तयार करी. १७६३-६४ च्या सुमारास या यंत्राची छोटी प्रतिकृती त्याच्याकडे दुरुस्तीला आली. १७६५ साली त्याला उपाय सुचला. वाफ सिलिंडरमध्ये थंड करायचीच नाही. शेजारच्या वेगळ्या, गार ठेवलेल्या भांड्यात ती ओढून घ्यायची. सिलिंडर सदा गरम, भांडे सदा थंड! हाच वेगळा संघनक.

गुपित की पेटंट?

कल्पना सुचली, पण यंत्र उभे करायला पैसा हवा होता. वॉटचा पहिला भागीदार जॉन रोबक कर्जात बुडाला. पुढे मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराने साथ दिली. आता विचार करा, ही युक्ती गुपित ठेवता आली असती का? मुळीच नाही. खाणीवरच्या कोणाही हुशार लोहाराने यंत्र उघडून पाहिले असते आणि नक्कल केली असती. नक्कल करणाऱ्याला प्रयोगांचा खर्च नसतो, म्हणून तो स्वस्तात विकू शकतो. मूळ संशोधक मात्र कर्जातच राहतो.

म्हणून वॉटने १७६९ साली पेटंट घेतले. पेटंट हा समाजाशी केलेला एक करार आहे. संशोधकाने आपली रचना उघड लिहून द्यायची. त्याबदल्यात ठरावीक मुदतीपर्यंत त्याच्या परवानगीशिवाय ती कोणी वापरायची नाही. मुदत संपली की ती सर्वांची. १७७५ साली ब्रिटिश पार्लमेंटने वॉटची मुदत १८०० पर्यंत वाढवून दिली.

बोल्टन आणि वॉट यांनी खाणमालकांकडून मोबदलाही मजेदार रीतीने घेतला. जुन्या यंत्राच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग! समजा, जुन्या यंत्राला ९ टन कोळसा लागे आणि नव्याला ३ टन लागला. बचत ६ टन. म्हणून २ टनांची किंमत वॉटला द्यायची, उरलेल्या ४ टनांची मालकाच्या खिशात. यंत्राचे हेलकावे मोजायला कुलूपबंद पेटीत गणकयंत्र बसवलेले असे.

कुंपणाची दुसरी बाजू

पण कुंपण इतरांनाही अडवते आणि कधी स्वतःलाही. यंत्राने चाक फिरवण्यासाठी क्रँक वापरणे सोपे होते. परंतु त्याचे पेटंट १७८० साली जेम्स पिकार्डने मिळवले. तेव्हा वॉटने दुसरी, अधिक किचकट दातेरी चाकांची रचना वापरली. उलट, जोनाथन हॉर्नब्लोअरने १७८१ साली दोन सिलिंडरांच्या यंत्राचे पेटंट घेतले, पण त्यालाही संघनक हवाच होता आणि तेथे वॉटचे पेटंट आडवे आले. दोन सिलिंडरांची कल्पना आर्थर वुल्फने १८०४ साली, म्हणजे वॉटची मुदत संपल्यावर, पुन्हा पुढे नेली.

खटलेही झाले. वॉटने पेटंटमध्ये आकृत्या दिल्याच नव्हत्या. त्याने नुसते तत्त्व सांगितले, यंत्र नव्हे, असा आक्षेप होता. १७९५ साली एका न्यायालयात न्यायाधीशांची मते समसमान विभागली गेली. अखेर १७९९ साली पेटंट वैध ठरले. मुदत संपायला तेव्हा फक्त एक वर्ष उरले होते!

आपल्याकडे काय?

भारतात १९७० चा पेटंट कायदा लागू आहे. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. रचना नवी हवी, जाणकाराला सहज सुचण्यासारखी नको आणि उद्योगात वापरता येण्याजोगी हवी. निव्वळ वैज्ञानिक तत्त्वाला पेटंट मिळत नाही. वाफेच्या सुप्त उष्णतेचा नियम कोणाच्याच मालकीचा नाही. तिचा उपयोग करणाऱ्या नव्या यंत्राला मात्र पेटंट मिळू शकते.

‘नवी’ या शब्दाला किती महत्त्व आहे पाहा. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांतले पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ साली ते रद्द झाले. आपल्या आज्यांना ठाऊक असलेली गोष्ट नवी कशी ठरणार?

म्हणून तुम्हाला खरोखर नवी रचना सुचली, तर तारीख घालून आकृतीसह वहीत नोंदवा. अर्ज करण्यापूर्वी ती जाहीर केली, तर मोजके अपवाद सोडता तिचे नवेपण कायद्याच्या दृष्टीने संपते. तेव्हा प्रदर्शनात मांडण्याआधी शिक्षकांशी बोला.

आणि एक प्रश्न वर्गात चर्चेला घ्या. वॉटला मिळालेली १७६९ ते १८०० ही एकतीस वर्षे योग्य होती की फार झाली? उत्तर देताना बोल्टनचे भांडवल आठवा, तसेच हॉर्नब्लोअरचे अडलेले यंत्रही.