दुसऱ्यांदा परीक्षेला बसण्यापूर्वी



रोह्याजवळच्या एका कातकरी वाडीतील मुलगी गेल्या वर्षी वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला बसली आणि फार कमी गुणांवर अडकली. निकाल कळल्यावर मी तिला म्हणाले, "रडू नको, पुढच्या वर्षी अजून अभ्यास कर." हा सल्ला चुकीचा होता, हे मला नंतर कळले. अभ्यास तिने कमी केलाच नव्हता. जीवशास्त्राचे पुस्तक तीनदा वाचले होते. तोच अभ्यास, त्याच रीतीने आणखी एक वर्ष केला असता, तर निकालही तसाच लागला असता.

वाडीवर एक वर्ष फार महाग असते. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलगी मागे राहिली की कामाचे दोन हात कमी. तिचे वडील स्पष्टच म्हणाले, "ताई, एक वरीस देतो. मंग नाय."

म्हणून आम्ही आधी तिचा पेपर समोर घेतला. १८० प्रश्न, १८० मिनिटे, ७२० गुण. त्यात निम्मे, म्हणजे ९० प्रश्न जीवशास्त्राचे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ गुण वजा. गेलेल्या गुणांचे आम्ही तीन गट केले: मुळात येत नव्हते ते, येत असून घाईत चुकले ते, आणि वेळ संपल्याने राहिले ते. तिसरा गट सर्वांत मोठा निघाला!

कारण शोधले. घरी ती कातकरी बोलते, दहावीपर्यंत मराठीत शिकली, अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीत. मराठी पर्याय घेतला की प्रश्नपुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असते. ती प्रत्येक प्रश्न दोन्ही भाषांत वाचत होती. शिवाय सुरुवात भौतिकशास्त्रापासून, म्हणजे तिला सर्वांत जड जाणाऱ्या विषयापासून केली होती.

मग रीत बदलली. जीवशास्त्र आधी. प्रश्न इंग्रजीतून वाचायचा, अडला तरच मराठीकडे वळायचे. दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तरच अंदाज करायचा. नुसते वाचन कमी केले; धडा झाला की पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचे. दर रविवारी उपासनेनंतर ती पेणला येते आणि दुपारी २ ते ५ घड्याळ लावून जुना पेपर सोडवते. सोमवारी नवीन काही नाही, फक्त कालच्या चुका.

पहिल्या रविवारी तिचे ५२ प्रश्न राहिले होते. गेल्या रविवारी ११. भौतिकशास्त्र अजून कच्चे आहे आणि परीक्षा मे महिन्यात आहे. यश मिळेलच असे मी लिहू शकत नाही. पण वडिलांनी दिलेले वर्ष वाया जात नाही, एवढे मला दिसते.

तिच्यासाठी आणि भट्टीवर गेलेल्या तिच्या घरच्यांसाठी प्रार्थना करा. आणि आपल्या मंडळीतले एखादे लेकरू प्रवेशपरीक्षेत मागे पडले, तर "आणखी अभ्यास कर" म्हणण्याआधी त्याचा पेपर मागून घ्या आणि त्याच्याशेजारी बसा.