टॅग मोजायचे की तास?

यंत्र चालवतो पीएलसी. ते माणसाला दिसते स्काडाच्या स्क्रीनवर. कुठली मोटर चालू, टाकीत पातळी किती, अलार्म कशाचा, सगळे तिथेच. या स्क्रीन बनवायचे सॉफ्टवेअर घेताना खरेदी विभाग तुलनातक्ता मांडतो आणि त्यात सर्वांत ठळक असतो लायसन्सचा आकडा. इनटच किंवा विनसीसीसारख्या जुन्याजाणत्या सॉफ्टवेअरची किंमत वर्षानुवर्षे टॅगांवर, म्हणजे पीएलसीशी देवाणघेवाण होणाऱ्या एकेका आकड्यावर, ठरत आली. 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या इंडक्टिव्ह ऑटोमेशनने इग्निशन आणले आणि पैसे सर्व्हरमागे घेतले. टॅग आणि स्क्रीन हवे तितके जोडा. त्यामुळे कोटेशनांची चुरस वाढली, पण मोजायची खरी गोष्ट तक्त्याबाहेरच राहिली: स्क्रीन बनवायला आणि पुढची पंधरा वर्षे बदलत राहायला लागणारे अभियंत्याचे तास.

समजा प्रकल्पात 200 मोटरी आहेत आणि प्रत्येकीचे 12 टॅग. झाले 2,400. लायसन्सची मर्यादा आड आली की अभियंता कात्री लावतो. चालू-बंद ठेवतो, करंट आणि चाललेले तास गाळतो. मग मोटर तापली की मेंटेनन्सवाल्याने करंट बघायला पॅनेलपर्यंत पायपीट करायची. दुसरा खर्च याहून मोठा. प्रत्येक मोटरचा पॉपअप वेगळा काढला असेल आणि त्यात एक बटण वाढवायचे ठरले, तर दहा मिनिटांच्या हिशेबाने 33 तास गेले. टेम्प्लेट असेल तर तो बदल एकाच जागी होतो. टेम्प्लेटची सोय आज बहुतेकांकडे आहे. विनसीसीत फेसप्लेट, इग्निशनमध्ये यूडीटी. म्हणून ती आहे का, हे विचारून भागत नाही. मूळ टेम्प्लेटमधला बदल दोनशे ठिकाणी आपोआप उतरतो का, हे पाहावे लागते.

अर्थात भोसरीतल्या एखाद्या यंत्रनिर्मात्याला दीडशे टॅगांच्या पॅकिंग मशीनसाठी सर्व्हर गळ्यात बांधून घ्यायचे कारण नाही. त्याला टच पॅनेल पुरते. ओळखीच्या सॉफ्टवेअरचे अभियंते चटकन मिळतात, हेही खरे. पण विनसीसीच्या असंख्य जुन्या स्क्रीन ज्या व्हीबीस्क्रिप्टवर उभ्या आहेत, ती मोडीत काढण्याचे मायक्रोसॉफ्टने 2023 मध्ये जाहीर केले. इग्निशनवाल्यांनीही फार हसू नये. त्यांची स्क्रिप्ट जायथन 2.7 वर, म्हणजे पायथन 2 च्याच एका रूपावर, चालते आणि पायथन 2 चा अधिकृत आधार 1 जानेवारी 2020 ला संपला. फुक्सासारखे मुक्त सॉफ्टवेअर लायसन्सचा खर्च शून्यावर आणते, मात्र रात्रपाळीत ते अडले तर निस्तरणाऱ्याचे तास कोणाच्या खात्यावर, हे आधी ठरलेले बरे.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे: झटपट बनते ते चांगले असतेच असे नाही. सॉफ्टवेअरमध्ये नवा अलार्म जोडणे जवळजवळ फुकट असते, म्हणून तो जोडला जातो. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत 24 जुलै 1994 रोजी स्फोट झाला, त्याआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म आले होते. एक व्हॉल्व्ह बंद असताना यंत्रणा तो उघडा दाखवत होती, आणि संपूर्ण प्रक्रिया एका नजरेत दाखवणारी स्क्रीन नव्हती. तेव्हा वेग मोजायचा तो भर घालण्याइतकाच छाटण्याचाही. खरेदीपूर्वी प्रत्येक विक्रेत्याच्या अभियंत्याला घड्याळ लावून एकच काम द्यावे: वीस मोटरी उभ्या कर, सगळ्यांच्या पॉपअपमध्ये एक बटण वाढव, पन्नास अलार्मांचा अग्रक्रम बदल आणि त्यातले तीस काढून टाक. इग्निशनची चाचणी आवृत्ती दर दोन तासांनी थांबते आणि पुन्हा सुरू करता येते. या परीक्षेला तेवढा वेळ पुरावा.